काळ्यातला निळा

अंथुर्ण्यात कुणाला निळा पक्षी विचारला, तर तो विजेच्या तारेकडं बोट दाखवील. नीरा डाव्या कालव्याच्या अंगानं गेलेल्या तारांवर नीलपंख बसलेला असतो. बसल्या जागी मातकट, जरा जडसर वाटणारा हा पक्षी खाली किड्यावर झेपावला की पंखांतले गडद आणि फिकट निळे पट्टे उघडतात, आणि एसटीत खिडकीशी पेंगणारा माणूसही मान वळवून बघतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानणारे अजून आहेत. पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका निळ्याबद्दल. तो तारेवर नसतो, घरामागच्या परड्यात असतो, आणि सगळे त्याला काळाच म्हणतात.

अंथुर्णे हे माझं आजोळ. बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागलं की सणसर, लासुर्णे मागं टाकून हे गाव येतं. चहूकडं ऊस, मधूनमधून डाळिंब, आणि कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही तिथं लगेच माळ. मामाच्या घरामागं मोठं परडं आहे. पाण्याचा हौद, धुण्याचा दगड, शेवगा, कडब्याची गंजी, एका बाजूला गोठा. गोठ्याची भिंत जुनी, दगडमातीची, दर्जा जागोजाग निखळलेल्या. मे महिन्यातल्या एका सकाळी मी धुण्याच्या दगडावर बसलेला चिरक बघत होतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगानं काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटी उभी, आणि शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग. आजवर शेकडो वेळा पाहिलेला. ऊन तिरपं होतं. तो माझ्याकडं छाती करून वळला आणि त्या काळ्यावर एकदम निळी झाक चढली, जांभळाच्या पिकल्या फळावर चढते तशी. पुन्हा वळला, पुन्हा काळा.

या पक्ष्याकडं मी नीट बघायला लागलो त्याला कारण माझा मावसभाऊ. तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो आणि दर उन्हाळ्यात आपल्या अंगणातल्या ब्ल्यूबर्डच्या पिल्लांचे फोटो धाडतो. खांबावर लाकडी खोकं, त्याला गोल भोक, भोकातून डोकावणारी चोच. मग खाली गवतावर बसलेलं ठिपकेदार पिल्लू. एकदा त्यानं सहज विचारलं, "तुमच्याकडं असलं काही आहे का रे?" मला जरा रागच आला. असलं काही! मग विचार करता लक्षात आलं, की आहे. अगदी असलंच आहे. फक्त त्याला आपण खोकं दिलेलं नाही, त्यानं आपली भिंत घेतली आहे.

ब्ल्यूबर्ड फक्त अमेरिका खंडात सापडतो. त्याच्या तीन जाती आहेत: पूर्वेकडचा, पश्चिमेकडचा आणि डोंगराळ भागातला. तो कस्तुरांच्या कुळातला. आपला चिरक आणि त्याचा भाऊ शोभेल असा दयाळ हे माशीमारांच्या कुळातले. ही दोन्ही कुळं एकमेकांना इतकी जवळची, की पूर्वीचे अभ्यासक त्यांना बरेचदा एकत्रच धरत. जवळीक डोळ्यांना दिसते ती पिल्लांत. मोठेपणी एक आभाळी निळा होतो, एक काळा, एक काळापांढरा. पण लहानपणी ब्ल्यूबर्डची छाती ठिपक्यांची, दयाळाचं पिल्लू तपकिरी खवल्यांचं, आणि चिरकाचं पिल्लू बहुतांशी आईसारखं मातकट, गळ्याशी पुसट चट्ट्यापट्ट्यांचं.

हा ठिपक्यांचा अंगरखा कशासाठी, याची दोन उत्तरं देतात. एक सरळ आहे. पालापाचोळ्यावर ऊन-सावलीची जाळी पडते, तीत ठिपकेदार पिल्लू हरवून जातं. दुसरं जास्त गमतीचं आहे. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. पोरगं बापासारखं काळंभोर दिसलं असतं तर बापाच्याच हातचा मार खाल्ला असता. ठिपके म्हणजे ‘मी अजून लहान आहे’ ही पाटी. नराचा संताप किती आंधळा असतो हे बघायचं असेल तर मोटरसायकल परड्यात उभी करून बघावी. मामाच्या गाडीच्या आरशात चिरकाला एक नर दिसला, आणि त्या आरशावर तो सकाळभर चोची मारत राहिला. शेवटी मामानं आरशांना फडकी गुंडाळली. गावात लोक विचारत, गाडीला दृष्ट लागली का म्हणून.

निळ्या रंगाचं आणखी थोडं सांगतो, कारण फोटो काढणाऱ्याला ते कळलेलं बरं. पक्ष्यांच्या पिसांत काळा आणि तपकिरी रंग येतो तो मेलॅनिन या द्रव्यामुळं. निळं द्रव्य मात्र पिसांत नसतंच. ब्ल्यूबर्डचं निळं पीस खलात घालून कुटलं तर हाती निळी पूड येत नाही, मळकट भुकटी येते. त्याच्या पिसातलं केराटिन स्पंजासारखं पोकळ्यापोकळ्यांचं असतं. त्या पोकळ्यांच्या मापामुळं निळा प्रकाश तेवढा परत फेकला जातो आणि खालचं काळं मेलॅनिन बाकीचा गिळून टाकतं. म्हणून तो कुठूनही बघा, निळाच दिसतो. चिरकाचं तसं नाही. त्याची चकाकी पिसाच्या बारीक तंतूंतल्या मेलॅनिनच्या कणांच्या आणि केराटिनच्या पातळ थरांतून येते, साबणाच्या फुग्यावर रंग यावा तशी. ती कोनावर अवलंबून असते. ऊन डोक्यावर आलं की गेली. म्हणून दुपारी काढलेल्या फोटोत चिरक म्हणजे कोळशाचा तुकडा, आणि सकाळी सात-साडेसातला काढलेल्या फोटोत त्याच्या पोटावर रेशमी निळाई. आणखी एक गोष्ट. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी असते आणि दक्षिणेतल्याची काळी. आपला मुलूख अधेमधे पडतो, तेव्हा पाठीचा रंग थोडा इकडचा-तिकडचा दिसला तर गोंधळून जाऊ नये. पोट मात्र सगळीकडं काळंच, आणि निळंही.

याच्या शास्त्रीय नावाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. स्वीडनच्या लिनियसनं १७६६ साली या पक्ष्याच्या नावात ‘फुलिकाटा’ हा शब्द घातला. त्याआधीच्या वर्णनात हा पक्षी फिलिपाइन्सचा म्हणून नोंदला गेला होता. चूक पुढं दुरुस्त झाली आणि मूळ ठिकाण पुदुच्चेरी ठरलं. आता याचं नाव कॉप्सिकस फुलिकेटस, म्हणजे दयाळाच्याच प्रजातीत त्याला नेऊन बसवलं आहे. यातलं ‘फुलिका’ हे लॅटिन नाव एका काळ्या पाणपक्ष्याचं. आपल्या उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात तो थव्यानं पोहतो, काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, आणि मराठीत त्याला म्हणतात वारकरी. आता अंथुर्णे हे तुकोबांच्या पालखीचं मुक्कामाचं गाव. तिथल्या गोठ्याच्या भिंतीत राहणाऱ्या पाखराच्या नावात स्वीडनमधल्या माणसानं अडीचशे वर्षांपूर्वी वारकरी घालून ठेवावा, हे मला फार आवडलं. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? आमच्यात ऱ्हातंय तर काय आसंल दुसरं?"

तर त्या भिंतीतलं घर. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर एक दगड निसटला होता, तिथं चिरकाच्या जोडीनं घरटं केलं होतं. चिरक घरासाठी फारसा हटून बसत नाही. भिंतीतली फट, झाडाची ढोली, दगडांमधली सांद, टाकून दिलेला डबा, काहीही चालतं. आत गवत, मुळ्या आणि त्यावर केसांची गादी. गोठा जवळ असला की केसांना तोटा नाही. मामाच्या म्हशीच्या आणि शेरडांच्या केसांवर ती पिल्लं वाढली. चिरकाच्या पुष्कळ घरट्यांत सापाच्या कातेचे तुकडेही सापडतात. ते का आणत असावेत? घरट्यावर टपलेल्यांना साप असल्याचा भास व्हावा म्हणून, अशी एक कल्पना आहे. कात मऊ, हलकी आणि फुकट मिळते, हेही पुरेसं कारण असू शकेल. पाखराला प्रत्येक गोष्टीत मसलत असतेच असं नाही.

अंडी तीन-चार. फिकट, हिरवट किंवा किंचित गुलाबीसर छटेची, वर तपकिरी ठिपके. उबवायचं काम एकट्या मादीचं, दहा-बारा दिवस. त्या काळात नर आसपास गात, हद्द राखत फिरतो आणि आपण फार कामात आहोत असं दाखवतो. अंडी फुटली की मात्र खरंच कामाला लागतो. पिल्लं जन्मतात ती आंधळी आणि जवळजवळ उघडी, अंगावर काळसर लव तेवढी. मान धरवत नाही, पण चोच मात्र उघडता येते. आतून रंगीत, कडेला पिवळी पट्टी. अंधाऱ्या भोकात ती पिवळी कड म्हणजे घास कुठं टाकायचा याची खूण. पहिले काही दिवस सावली पडली तरी पिल्लं चोच वासतात. डोळे उघडल्यावर त्यांना आई-बाप आणि परका यांतला फरक कळायला लागतो. मग तुम्ही डोकावलात तर ती चोच वासत नाहीत, खाली दबतात. चिरकाची पिल्लं तर धोका वाटला की मेल्याचं सोंग घेतात, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. एखाद्यानं घरट्यात डोकावून ‘पिल्लं मेली वाटतं’ असं म्हणावं आणि जावं, हाच त्यामागचा हेतू.

आई-बापांच्या खेपा बघत बसलं की दोन गोष्टी लक्षात येतात. आत जाताना चोचीत अळी, नाकतोडा, कोळी, कधी वाळवीचे पंखवाले किडे. बाहेर येताना चोचीत पांढरी, चकचकीत, वाटाण्याएवढी गोळी. नवख्याला वाटतं पाखरू अंडं पळवतंय. ती पिल्लाची विष्ठा असते, पातळ पण चिवट आवरणात बांधलेली. घास मिळाला की पिल्लू वळून ती पिशवी पुढं करतं आणि आई किंवा बाप ती लांब नेऊन टाकतो. त्यामुळं घरटं कोरडं राहतं आणि वासानं माग काढणाऱ्यांना सुगावा लागत नाही. फोटोवाल्यांनी हा क्षण फारसा टिपलेला नसतो. अळी घेऊन आत जाणारा पक्षी सगळ्यांना हवा असतो. कचरा घेऊन बाहेर पडणारा नको असतो.

आता माझ्या फजितीकडं येतो. पहिल्या दिवशी मी तिपाई, मोठी लेन्स, डोक्याला रानाच्या रंगाची टोपी असा जामानिमा करून भोकासमोर आठ-दहा हातांवर बसलो. नर चोचीत हिरवी अळी घेऊन आला आणि कडब्याच्या गंजीवर बसला. बसला तो बसलाच. शेपटी खालीवर, तोंडात अळी तशीच, आणि ‘चिर्र, चिर्र’ असा कोरडा आवाज. मादी आली, तीही शेवग्यावर थांबली. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला वाटलं काय सुंदर पोज देतोय, आणि मी धडाधड फोटो काढत राहिलो. तेवढ्यात मामी आंबोणाची बादली घेऊन आली, थेट त्या भोकाखालून गोठ्यात शिरली, म्हशीला चार शब्द सुनावले आणि त्याच वाटेनं परतली. ती भिंतीपाशी असतानाच मादी तिच्या डोक्यावरून सुळकन आत गेली आणि घास देऊन बाहेर आली. माझ्याकडं बघत मामी म्हणाली, "आरं, तू हितं बसलाईस म्हणून ती जाईना. पोरं उपाशी हाईत तिची. ऊठ आदी."

चोचीत घास घेऊन बाहेर खोळंबलेला पक्षी फोटोत फार छान दिसतो. मासिकांत, स्पर्धांत असे फोटो भरपूर असतात. मला ते आता बघवत नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याच फोटोंचा खरा अर्थ एवढाच असतो, की फोटो काढणारा फार जवळ बसला आहे. आई-बाप आत जायला कचरतात तेवढा वेळ आत पोरं उपाशी राहतात. अंडी असतील तर ती निवतात, आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात उघडी पडली तर उलट भाजतात. घरटं ‘मोकळं दिसावं’ म्हणून पुढची डहाळी छाटणारे महाभागही आहेत. ती डहाळी म्हणजे पिल्लांचं छप्पर आणि पडदा दोन्ही. ती गेली की दुपारचं ऊन आणि कावळा, दोघांनाही वाट मोकळी. मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावून नराला बोलावणं हाही तसलाच प्रकार. तो बिचारा नसलेल्या शत्रूशी भांडायला घासपाणी टाकून येतो. आरशाचं भांडण परवडलं, तो निदान आरसा तरी तिथं असतो. आणि हे नुसतं सभ्यतेचं प्रकरण नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं येतं.

घरटं जवळून बघून शिकायचंच नाही असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडचा त्याचा थोर दाखला रायगड जिल्ह्यातल्या किहीमचा आहे. १९३० साली सालिम अली बर्लिनहून शिकून परतले होते आणि हाताला नोकरी नव्हती. किहीमला सासरच्या घरी राहताना त्यांनी तिथल्या सुगरणींच्या वसाहतीवर अख्खा हंगाम नजर ठेवली. आडोशात बसून, रोजच्या रोज नोंदी करत. घरटं नर विणतो, अर्धवट झाल्यावर मादी ते पाहून पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घर, दुसरी मादी या उद्योगाला लागतो, हा सगळा व्यवहार त्यांनी तिथं उलगडला. तो निबंध १९३१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यांचं नाव झालं. या कामाला लागलं काय? घराजवळचं झाड, आडोसा, वही आणि न कंटाळणारा माणूस. कॅमेऱ्याचं काम त्यात दुय्यम होतं.

माझा आडोसा म्हणजे मामी. दुसऱ्या दिवसापासून तिपाई घरात ठेवली आणि तिच्याबरोबर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागलो. भोकापासून पंधरा-वीस पावलांवर, थोडं आडव्या बाजूला. कॅमेरा मांडीवर, वर पंचा. पहिला तासभर फोटो काढायचाच नाही असं ठरवलं. पाखरं माणसं ओळखतात, निदान माणसांच्या चाली तरी ओळखतात. रोज ठरल्या वाटेनं जाणारी, हातात बादली असलेली, त्यांच्याकडं ढुंकून न बघणारी बाई त्यांच्या लेखी म्हशीसारखी असते. टक लावून बघणारा, दबकत चालणारा माणूस मात्र मांजरासारखा. तिसऱ्या दिवशी मी म्हशींत जमा झालो. शेंगा दोन पायली झाल्या.

मग फोटो. काळ्या पक्ष्याचा फोटो काढताना कॅमेरा फसतो, आणि तो दोन्ही बाजूंनी फसतो. पक्ष्यानं चौकट भरली असेल तर सगळं काळं बघून कॅमेरा उजेड वाढवतो. काळा करडा पडतो आणि खांद्यावरचा पांढरा डाग जळून नुसता कागद होतो. तेव्हा उजेड थोडा हातानं कमी करावा. उलट तोच पक्षी चुन्याच्या भिंतीपुढं किंवा आभाळापुढं लहानसा बसला असेल तर कॅमेरा भिंतीचा उजेड धरतो आणि पक्ष्याची सावलीची बाहुली होते. तेव्हा वाढवावा. दगडमातीच्या भिंतीपुढं यातली कटकट बरीच कमी होते, हा जुन्या घरांचा एक फायदा. ऊन पाठीमागून तिरपं यावं, म्हणजे निळाई जागी होते आणि डोळ्यात ठिणगी दिसते. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं स्पष्ट असूनही फोटो मेलेला वाटतो. भोकातून बाहेर झेपावणारा पक्षी थिजवायचा तर सेकंदाचा हजारावा भाग तरी हवा. बसलेल्याला अडीचशेवा पुरतो. फ्लॅश घरट्यापाशी मुळीच नको. आणि मोबाइलनं फोटो काढायचा हट्ट असेल, तर घरट्याचा सोडून घरटं असलेल्या परड्याचा काढावा. भिंत, गंजी, म्हैस आणि त्यात कुठंतरी एक काळा ठिपका. खरं सांगायचं तर मला तोच फोटो जास्त आवडतो.

पिल्लं साधारण दोन आठवड्यांच्या आत-बाहेर घर सोडतात. खरं बघणं आणि खरे फोटो इथून पुढं आहेत, कारण आता घरट्याची भीड नसते. पहिलं पिल्लू पहाटे बाहेर पडलं ते उडालं नाही, भिंतीवरून घसरलं म्हणावं लागेल. शेपटी बोटाच्या पेराएवढी, पंख आखूड, डोक्यावर दोन्ही बाजूंना लवेची दोन शिंगं, चोचीच्या कडा अजून पिवळ्या, आणि चेहऱ्यावर ‘मला कुणी विचारलं का?’ असा भाव. ते सरपणाच्या ढिगात शिरलं आणि तिथून ओरडत राहिलं. ती हाक ऐकूनच आई घास घेऊन पोचते. भावंडं वेगवेगळ्या कोपऱ्यांत पांगतात, आणि त्यातही शहाणपण आहे. मांजराला एक सापडलं तरी सगळी सापडत नाहीत.

याच दिवशी माणसांकडून सगळ्यात मोठी चूक होते. जमिनीवर बसलेलं, उडता न येणारं पिल्लू दिसलं की ‘घरट्यातून पडलं बिचारं’ म्हणून त्याला उचलतात, खोक्यात ठेवतात, भात भरवतात, दूध पाजतात. अंगावर पिसं असतील, उड्या मारता येत असतील, बोटावर पकड घेत असेल, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. त्याचे आई-बाप हाकेच्या अंतरावर चोचीत अळी घेऊन तुम्ही जाण्याची वाट बघत असतात. फार तर त्याला उचलून जवळच्या झुडपात, मांजराच्या वाटेपासून बाजूला ठेवावं आणि आपण लांब व्हावं. उघडं, बिनपिसांचं पिल्लू असेल तर मात्र ते खरंच पडलेलं असतं. घरटं सापडलं तर सरळ परत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत गावोगावी आहे आणि ती खरी नाही. लहान मुलांना घरट्यापासून लांब ठेवायला कुण्या आजीनं काढलेली असेल, तर मात्र आजी हुशार.

चिरक दाणे खात नाही, तेव्हा त्याला बोलवायला ज्वारी-बाजरी टाकून उपयोग नाही. त्याला किडे लागतात, आणि किड्यांना थोडी अस्वच्छता लागते. परड्याच्या कोपऱ्यात पाचट, सरपण, न झाडलेला पाला, एखादं उथळ पाण्याचं भांडं. डाळिंबाच्या बागेत फवारणी चालते त्या दिवशी चिरक बागेकडं गेला तरी पिल्लांसाठी काय आणणार? आमच्या परड्यात त्या कोपऱ्याला ‘उकिरडा’ म्हणून नावं ठेवायचा मान माझ्याकडं होता. आता मी गप्प असतो. भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मामाचा बेत होता, तो दिवाळीपर्यंत लांबला. त्याचं श्रेय पाखराला द्यावं की सिमेंटच्या भावाला, हे मामालाच ठाऊक.

मावसभावाच्या खोक्यांची गोष्टही याच जातीची आहे. अमेरिकेत ब्ल्यूबर्ड एकेकाळी फार घटला. जुनी पोकळ झाडं, लाकडी कुंपणाचे किडके खांब गेले, आणि उरलेल्या भोकांवर परदेशातून आणलेल्या दोन पक्ष्यांनी कब्जा केला. एक युरोपातली साळुंकीच्या कुळातली मैना, १८९०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेली. दुसरा पक्षी १८५०च्या दशकात ब्रुकलिनला आणलेला: आपली चिमणी. होय, चिऊताई. तिथं ती ब्ल्यूबर्डच्या खोक्यात घुसते आणि पिल्लांना टोचून मारते. लोकांनी गावोगाव खोकी लावली, १९७८मध्ये लॉरेन्स झेलेनी यांनी ब्ल्यूबर्डसाठी संस्थाच काढली. खोक्याचं भोक ३८ मिलिमीटरचं ठेवायचं असं ठरलं. त्यातून ती मैना शिरू शकत नाही, पण चिमणी शिरतेच. म्हणून माझा भाऊ रोज सकाळी चिमण्यांना हुसकतो. इकडं नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी त्याच चिमणीसाठी लाकडी घरटी वाटली आणि २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू झाला. मामीनंही ओसरीत एक घरटं टांगलं आहे. भावाला त्या घरट्याचा फोटो पाठवला तर त्यानं कपाळाला हात लावलेलं चित्र धाडलं.

भिगवणला रोहित बघायला, कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, आमच्या फाट्यावरून जातात. रोहित सुंदर असतातच. पण रोहिताचं पिल्लू घास मागताना कुणी तिथं पाहत नाही. तो आपला संसार दुसरीकडं मांडतो. चिरक सगळं तुमच्या डोळ्यांपुढं करतो. माझ्या वहीत त्या जोडीच्या तारखा आहेत: भोकात पहिलं गवत नेलं तो दिवस, खेपा सुरू झाल्या तो, पिल्लं निघाली तो. फोटो शे-दोनशे आहेत, त्यांतले सहा-सात बरे. निळाई आली असा एकच, आणि त्यात डोळा हललेला आहे.

जूनच्या अखेरीला पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला आली. मामाच्या परड्यात एका दिंडीचा स्वयंपाक होता. हौदापाशी चुलाणी पेटलेली, शेवग्याला बांधलेला मोठा दिवा, शंभरेक माणसांचा राबता, टाळ, भाकरी थापल्याचा आवाज. मला वाटलं, पाखरं आता माळाला गेली असतील. दिवस मावळून गेला होता. दिव्याभोवती पावसाळी किड्यांचं मोहोळ उठलं होतं, आणि त्या उजेडाच्या कडेला, धुण्याच्या दगडावर, चिरक. एक झेप, एक किडा, परत दगडावर. त्याच्यामागं गंजीच्या आडोशाला ते पिल्लू, शेपटी आता पुरती वाढलेली, पंख थरथरवत घास मागणारं. बापानं दोनदा दिला. तिसऱ्यांदा तो वळलाच नाही. पिल्लू थोडा वेळ ओरडलं, मग गंजीवरून उतरलं, दिव्याखाली आलं आणि भाकरीच्या परातीशेजारी पडलेला एक पंखवाला किडा त्यानं स्वतःच उचलला. परातीशी बसलेल्या आजींनी हात जरा आखडता घेतला आणि पुन्हा थापायला लागल्या. कॅमेरा वर माळ्यावर होता. तिथवर जायला ओसरीतून वाट नव्हती. सगळीकडं माणसं टेकली होती.